फुलाच्या हनुवटीखाली

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, बिनपाटीची एक खोली आहे. दार उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास नाकात घुसतो आणि मग छतापर्यंत गेलेली लोखंडी कपाटं दिसतात. कपाटांत वाळवलेली झाडं आहेत. एका जाड कागदावर एक झाड, मुळापासून फुलापर्यंत चिकटवलेलं. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे मिळालं, केव्हा, कोणी आणलं, कोणी ओळखलं. असे चौदा हजार कागद. त्यांतले नऊ हजार तरी एका बाईच्या हातचे आहेत. ती तिथली चिकटवणारी. पोरं तिला डिंकमावशी म्हणायची, आणि पोरांचं ऐकून प्राध्यापकही.

मला लोक भोंगा म्हणतात. नववीत शाळा सुटली, बाकीचं मी मोर्च्यांत आणि वाचनालयात शिकले, आणि जे शिकले ते मोठ्याने बोलते. आजवर बऱ्याच साध्या माणसांबद्दल लिहिलं. त्या सगळ्यांना कोणी ना कोणी नाडलेलं होतं, आणि नाडणाऱ्याचं नाव घ्यायला मी कधी कचरले नाही. डिंकमावशीला नाडलं ते मी. म्हणून हे लिहायला चार वर्षं लागली.

ती त्या इमारतीत आली ती व्हरांडे झाडायला. वय सव्वीस. नवरा गवंडी, परांचीवरून पडून गेला. पदरात तीन वर्षांचा मुलगा. तेव्हा चिकटवायला एक म्हातारा होता आणि त्याचे हात कापायचे. एकदा त्याच्या चिमट्यातून एक पिवळी पाकळी सुटली आणि केरात पडली. हिने काडेपेटीतली काडी जिभेला लावली, पाकळी टोकावर उचलली आणि नेमकी जागेवर नेऊन ठेवली.

म्हातारा म्हणाला, "तिथलीच कशावरून? टेबलावर दोन जातींची फुलं आहेत."

"बाबा, हिच्या टोकाला तीन दात आहेत. तिकडच्या फुलाच्या पाकळ्यांना पाच आहेत."

म्हाताऱ्याने तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि कोपऱ्यात उभा केला. तो परत तिच्या हातात गेला नाही.

शिक्षण सातवी. चिठ्ठ्यांवरची लांबलचक लॅटिन नावं तिला वाचता यायची नाहीत, पण नाव चुकलं की ती चित्र चुकल्यासारखं ओळखायची. झाडं वाळवतात ती जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत, वर फळ्या, फळ्यांना पट्टे. घडी उघडली की झाड बाजूला ठेवून ती आधी बातमी वाचायची. जगातलं सगळं तिला तीन महिन्यांनी कळायचं. कोणी धावत येऊन म्हणालं, "मावशी, ऐकलंत का, सरकार पडलं!" तर ती म्हणायची, "थांब, अजून माझ्याकडे उभं आहे."

डिंक ती स्वतः बनवायची. खडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, फडक्यातून गाळायचे, किडा लागू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. वाळला की तो दिसायचाच नाही. चिकटवलेल्या फुलावर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवायची, तान्ह्या पोराला थोपटावं तशी.

घर म्हणजे लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्या. मुलगा फ्रिज दुरुस्त करायचा, सून घरीच शर्टांना बटणं लावायची. सून तोंडाची तिखट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला म्हणाली, "आमच्या सासूबाईंना भाजी निवडायला देऊ नका हं. प्रत्येक देठ उलटा करून बघतात. दुपारचं जेवण संध्याकाळी."

मावशी मान वर न करता म्हणाली, "तुला घरात आणताना असंच उलटंसुलटं बघायला हवं होतं. चुकलं."

"आता काय उपयोग? चिकटवलंय. निघत नाही," सून म्हणाली आणि दोघी हसल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती कॉलेजच्या शिपाई, माळी, प्रयोगशाळेतली माणसं यांच्या संघटनेमुळे. मागण्यांची यादी करत मी खोलीखोलीत फिरत होते. मावशीला विचारलं, तुमची काय मागणी? ती म्हणाली, "माझी कसली? खिडकीची काच फुटलीय, वाऱ्याने पाकळ्या उडतात." मी समोरच्या कागदावरची चिठ्ठी वाचली. आणणाऱ्याचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव. म्हटलं, "आणि चिकटवणाऱ्याचं?" तिला प्रश्नच कळला नाही.

मला मात्र विषय मिळाला. बैठकीत विभागप्रमुख म्हणाले, "चिकटवणाऱ्याचं नाव कशाला? सुतार टेबलावर नाव घालतो का?"

मी म्हटलं, "घालत नाही, म्हणूनच तुम्हाला वाटतं टेबलं झाडाला लागतात."

सगळे हसले, प्रमुखही हसले आणि फसले. नव्या चिठ्ठ्या छापल्या. शेवटी एक ओळ जास्त: चिकटवले. पहिल्या चिठ्ठीवर मावशीने स्वतःच्या हाताने पूर्ण नाव लिहिलं. त्याआधी चार चिठ्ठ्या फुकट घालवल्या. पाचवी जमली तेव्हा सुनेला बटणं टाकून तीन मजले चढायला लावलं. सून कागदाकडे बघत बसली. म्हणाली, "लग्नपत्रिकेत नाव छापलं होतं माझं, त्यातही चूक होती." मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मला वाटत होतं की हे मी केलं. मीच केलं होतं म्हणा. पुढचंही.

आता खळग्याचं सांगते. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागे एक खोलगट ओली जागा होती. वरच्या उतारावरचं सगळं पावसाचं पाणी तिथे उतरायचं, साचायचं आणि हळूहळू जिरायचं. तिच्या खालच्या अंगाला आमची गल्ली, सत्तर घरं. नगरपालिकेने ठरवलं, खळगा भरायचा आणि मालट्रकांना उभं राहायला तळ करायचा. खळगा भरला तर पाणी जाणार कुठे? आमच्या घरांत. मी अकरा अर्ज केले. अधिकारी म्हणाले, "पाणी घरात शिरेल हा तुमचा अंदाज आहे." माझा संताप झाला. सत्तर घरं म्हणजे अंदाज!

मग कुठेतरी वाचलं की दुर्मिळ झाड सापडल्यामुळे एका गावचा रस्ता अडला. माणसांनी अडत नाही ते गवताने अडतं, तर गवत सही. मी मावशीकडे गेले. "खळग्यातलं काही आहे का कपाटात?"

ती न शोधता तिसऱ्या कपाटाकडे गेली आणि खालच्या कप्प्यातून एक कागद काढला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. खळग्यातलंच झाड. जमिनीला चिकटून पानांचं चक्र, मधून दोन पोकळ देठ, प्रत्येक देठावर एकच पिवळं फूल.

"हे तर कुठेही उगवतं," मी म्हटलं. "फुटपाथच्या फटीत असतं. पोरं फुंकर मारून म्हाताऱ्या उडवतात ते."

"नाही. ती रस्तेवाली. ही चिखलवाली. बहिणी आहेत, पण चिखलवाली फार कमी. माझ्या हातून आजवर दोनदाच गेली."

मग तिने मला बसवून शिकवलं. मला, जी कोणाकडून बसून काही शिकली नव्हती. आधी म्हणाली, हे एक फूल नाहीच. सूर्यफुलाच्या कुळातली सगळी अशीच फसवतात. प्रत्येक पिवळी पट्टी म्हणजे एक पूर्ण फूल, दीडशे-दोनशे फुलं एका बैठकीवर बसलेली. मी म्हटलं, "म्हणजे सभा." ती म्हणाली, "तुला सगळीकडे सभाच दिसते." मग वर्तमानपत्रावर पाच ताजी पिवळी फुलं ठेवली, सगळी सारखी, आणि म्हणाली, वेगळी कर. मी रंगावरून केली. चुकली. पानांवरून केली. तीही चुकली.

"वरून बघतेस म्हणून. वरून सगळ्या सुंदरच." तिने एक फूल दोन बोटांत धरलं आणि हनुवटीला हात लावून एखाद्या लेकराचं तोंड वर करावं तसं उलटं केलं. "इथे बघ. खाली हिरवे खवले आहेत, ती हिची कॉलर. रस्तेवालीची बाहेरची कॉलर दुमडून खाली पडते, कुरळी होते. चिखलवालीची कॉलर मानेला चिकटून ताठ. बाकी पान-बिन काही धरायचं नाही. पान खोटं बोलतं. उंच गवतात, ओलीत, रस्तेवालीचं पानही निमुळतं होतं, दात जातात. कॉलर खोटं बोलत नाही."

जुन्या कागदावर दोन फुलं होती. एक वर तोंड करून, एक उलटं. "मी दोन फुलं असली तर एक नेहमी उलटं लावते," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्याने ओळखायचं कशावरून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही खळग्यात गेलो. खळग्यावरच्या आक्षेपांच्या सुनावणीला चार दिवस होते. मावशीने पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत चिखलात गुडघे टेकून एकेक फुलाची हनुवटी वर केली. दोनशे तरी. मी मागून पिशवी घेऊन.

मला एक झाड दिसलं. पान निमुळतं, दात नाहीत, जुन्या कागदावरच्यासारखं हुबेहूब. मी ओरडले, "मावशी, सापडली!"

तिने फूल उलटं केलं. "रस्तेवालीच आहे."

"पान बघा ना!"

"सांगितलं ना पानाचं. कॉलर बघ, पार कानाखाली आलीय." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खालच्या अंगाला अजून पाणी आहे. तिथलं उशिरा फुलतं. कळ्या आहेत, पण कळीवरून मी सांगणार नाही. पंधरा दिवस थांब."

"सुनावणी सोमवारी आहे."

"मग सोमवारी सांग की पंधरा दिवस द्या."

"ते देतात होय! अकरा अर्ज केलेत मी. मावशी, तुम्ही फक्त म्हणा ही चिखलवाली. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

इथे माझं डोकं सुटलं. ज्या बाईला मी सहा वर्षं तुम्ही म्हणत होते तिला म्हटलं, "तुला काय कळतं गं? तू चिकटवणारी आहेस. ओळखणारी नाहीस."

तिने वाकून पायांच्या पिशव्या सोडल्या, त्यांतला चिखल गवताला पुसला, घडी करून कमरेला खोचल्या आणि चालायला लागली. ते झाड मात्र तिने मुळासकट उपटून घेतलं होतं. कागद करायचा होता. रस्तेवालीचा का होईना, त्या जागेचा, त्या दिवसाचा.

तीन दिवस घडी गरम वाळूखाली ठेवून तिने झाड वाळवलं आणि चिकटवलं, एक फूल सुलटं, एक उलटं. विभागप्रमुख गावाला गेले होते म्हणून ओळख लिहायच्या ओळीत तिने पेन्सिलीने फिकट लिहिलं: रस्तेवाली. खाली शाईने, चिकटवले, आणि तिचं पूर्ण नाव. रविवारी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. खोटी नव्हती ती माफी, पण कागद मिळवण्यापुरती होती. म्हटलं, "या कुळातली झाडं तिथे आहेत एवढंच दाखवते, आणि मुदत मागते." तिने विश्वास ठेवला. कागद बाहेर द्यायचा नसतो, तरी मला कॉलेजवर नेऊन कपाटाच्या वहीत स्वतःची सही केली आणि दिला. वर म्हणाली, "आडवा धर. तोंड वर."

दुपारी घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर मी ओला रुमाल त्या उलट्या फुलावर ठेवला. डिंक सैल झाला. सुरीच्या टोकाने फूल सोडवलं, फिरवलं, आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या बाटलीतल्या डिंकाने तोंड वर करून चिकटवलं. दोन पाकळ्या तुटल्या, त्याही चिकटवल्या. पेन्सिलीचं नाव खोडलं. तिथे जुन्या चिठ्ठीवरून उतरवून घेतलेलं चिखलवालीचं लॅटिन नाव लिहिलं. हात थरथरला वगैरे नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी लिहिताना लोक हात थरथरवतात. मला उलट बरं वाटत होतं. सत्तर घरं वाचत होती. खाली चिकटवले या ओळीत तिचं नाव होतं आणि ते मी वाचलंही होतं. त्याचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही, हे जास्त वाईट आहे.

सुनावणीच्या खोलीत बाकांवर आमची अर्धी गल्ली बसली होती. समोर अधिकारी, आणि नगरपालिकेने आणलेला एक तज्ज्ञ, सडपातळ, खिशात भिंग. मी तडाखेबंद बोलले. घरांतल्या पाण्याचंही बोलले, नकाशा दाखवला. मग कागद ठेवला. टाळ्या पडल्या.

भिंगवाल्याने कागद खिडकीकडे नेला. बराच वेळ बघितला. मग शांतपणे म्हणाला, "या दोन जाती फुलाच्या खालच्या बाजूवरून ओळखतात. इथे दोन फुलं आहेत आणि दोन्ही वर तोंड करून. ज्याला कामाचं ज्ञान आहे तो असं चिकटवत नाही." त्याने खिशातून टाचणी काढली, उजव्या फुलाची कड अलगद उचलली. माझा डिंक नीट वाळलाच नव्हता. "खवले दुमडलेले आहेत. ही साधी जात आहे. आणि इथे कागद ओला झाल्याचा डाग आहे. कोणी चिकटवलं हे?" त्याने चिठ्ठी वाचली. मोठ्याने. पूर्ण नाव.

अधिकारी माझ्याकडे वळले. "हा कागद कॉलेजातून तुम्हाला असाच मिळाला?"

मागे बाकांवर सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"असाच?"

"असाच. त्या बाईंनी दिला तसा."

एवढंच. एकवीस वर्षं लोकांसाठी बोलले, आणि ही दोन वाक्यं.

निकालात अधिकाऱ्यांनी लिहिलं की आक्षेप घेणाऱ्यांचा पुरावा विश्वासार्ह नाही. त्या एका वाक्यात फुलाबरोबर नकाशाही गेला, घरांतलं पाणीही गेलं. कॉलेजला पत्र गेलं. विभागप्रमुखांनी मावशीकडून कपाटांची किल्ली घेतली आणि तिला तळघरात काचेच्या बरण्या धुवायला पाठवलं. निवृत्तीला आठ महिने होते. चिठ्ठ्यांवरची शेवटची ओळ काढून टाकली. प्रमुख म्हणाले म्हणे, "नाव घालायचा आग्रह होता ना? हे त्याचं फळ."

मी दोन महिने कॉलेजकडे फिरकले नाही. वाटेत लाँड्री लागते म्हणून लांबचा रस्ता धरायचे. भाजीबाजारात सुनेने गाठलं.

"काय भोंगाबाई, तार तुटली वाटतं? आवाज येत नाही."

मी म्हटलं, "कशा आहेत मावशी?"

"हात सोलवटलेत. बरण्यांच्या सोड्याने." तिने पिशवी खाली ठेवली. "कागद परत आला तेव्हा त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा डिंक माझा नाही, हा चकाकतो. सरांना सांगितलं. सर म्हणाले, डिंकाला काय तोंड असतं का बोलायला? मी म्हटलं, आई, तुम्हाला माहीत आहे ना कोणी केलं, नाव घ्या. तर म्हणतात, कागद मी दिला, वहीत सही माझी आहे."

मी हातातली जुडी परत ढिगात ठेवली.

"आणि भाजी आता पटापट निवडतात," सून म्हणाली. "एवढीशी टोपली असो, नाहीतर ढीग. बघतच नाहीत. किडकं-बिडकं सगळं एकात." मग पिशवी उचलली. "मोर्चा कधी आहे पुढचा? कळवा. नको, राहू दे. तुम्ही लोकांसाठी फार करता, दमला असाल."

तिथून मी सरळ कॉलेजात गेले, असं लिहायला आवडलं असतं. चार दिवस घेतले. चार दिवस मनात भाषण तयार करत होते, आणि त्या प्रत्येक भाषणात शेवटी मी चांगली ठरत होते.

विभागप्रमुखांच्या खोलीत मी सांगून टाकलं. ते आधी चिडले, मग गडबडले, मग त्यांनी मावशीला बोलावलं. ती वर आली, ओले हात साडीला पुसत. माझ्याकडे बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

प्रमुख म्हणाले, "मावशी, झालं ते झालं. या बाईंनी कबूल केलंय. किल्ली घ्या तुमची. तो कागद आपण फाडून टाकू, विषय संपला."

"कागद फाडत नाहीत, सर," मावशी म्हणाली.

"मग चिठ्ठी तरी काढा."

"चिठ्ठीही काढत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे." मग माझ्यासाठी असावं, पण माझ्याकडे न बघता, ती सांगू लागली. कोणी झाड चुकीचं ओळखलं तर जुनी चिठ्ठी तशीच राहते. ज्याला चूक कळली तो शेजारी नवी चिठ्ठी लावतो, त्यावर त्याचं नाव आणि तारीख. काही कागदांवर चार-चार चिठ्ठ्या आहेत, सत्तर वर्षांच्या. मोठमोठ्या लोकांच्या चुका तिथे आहेत, कोणी झाकलेल्या नाहीत. "हिने चिठ्ठी लिहावी. मी लावते."

तिने कोरी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. बोटांची कातडी सोलून गुलाबी झाली होती.

मी लिहिलं: खळग्यालगतच्या सत्तर कुटुंबांच्या हितासाठी नाइलाजाने...

ती खांद्यावरून वाचत होती. "हे कारण झालं. चिठ्ठीत कारण नसतं. काय, कोणी, कधी. बस."

दुसरी चिठ्ठी. या कागदावरील उजवीकडचे फूल माझ्याकडून फिरले.

"फूल आपण होऊन फिरत नाही."

प्रमुखांनी खाकरून पाण्याचा पेला तोंडाला लावला. कोणी माझं लिहिणं तपासलं होतं ते नववीत, आणि तेव्हा मी वही भिरकावून वर्गाबाहेर गेले होते. आता उठता येईना.

तिसरी: उजवीकडचे फूल मी सोडवून फिरवले व पुन्हा चिकटवले. पेन्सिलीने लिहिलेली ओळख मी खोडली. तिथे चुकीचे नाव मी लिहिले. सुनावणीत मी खोटे बोलले. चिकटवणाऱ्या बाईंचे काम बरोबर होते.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "शेवटची ओळ आधी घे."

चौथी चिठ्ठी लिहिली. तिच्या कामाची ओळ आधी. खाली माझं पूर्ण नाव, जे मला स्वतःला लिहायची सवय राहिली नव्हती, आणि तारीख. तिने खोली उघडली, वाटीतला खडूसारखा कडक झालेला जुना डिंक फेकला आणि नवे खडे भिजत घातले. म्हणाली, "उद्या लावते. आता जा."

ती चिठ्ठी तिथे आहे. तिसरं कपाट, खालचा कप्पा. झाडांचा अभ्यास करायला येणारी पोरं ती वाचतात. मावशीने उरलेले सहा महिने त्याच खोलीत काढले, छापलेली ओळ परत आली, आणि त्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक कागदावर तिचं नाव आहे.

मी कबुलीचं पत्र अधिकाऱ्यांनाही दिलं. तोवर खळगा भरून झाला होता. खालच्या अंगाच्या त्या कळ्या मातीखाली गेल्या, आणि त्यांची कॉलर ताठ होती की दुमडलेली हे आता कोणालाच कळणार नाही. पुढच्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी आलं. घरोघरी जाऊन मी सांगितलं की नकाशा कोणामुळे वाया गेला. एकाने दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्या बाईने आधी बादली हातात दिली, म्हणाली, "बोल नंतर, आधी पाणी काढ."

मावशीकडे मी अजून जाते. ती मला चहा देते, सून टोमणे देते, मुलगा फ्रिजचं काही तरी सांगतो. निवृत्तीनंतरही मावशी घरी थोडे कागद करते, कॉलेजवाले आणून देतात. परवा पोरांना शिकवण्यासाठीचा एक नवा पूर्ण झाला होता. पाच प्रकारची पिवळी फुलं, पाच बहिणी, प्रत्येकीचं एक फूल सुलटं, एक उलटं. मला बघावासा वाटला म्हणून मी दोन्ही हात पुढे केले.

तिने तो माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला, बोटाने माझ्या दिशेला जरा सरकवला आणि म्हणाली, "तिथूनच बघ."

मी हात मागे घेतले, पाठीमागे बांधले आणि वाकून बघितलं.